‘सू करतील हं!’ : अमेरिकेतल्या कोर्टबाजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. अमेरिकेत उतरल्यावर महिन्याभरात दुसरंच वाक्य कानावर पडायला लागतं : "जपून हं, सू करतील." सू करणं म्हणजे कोर्टात दावा लावणं. शेजारची मुलं आपल्या अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर चढली, शेंगदाण्याची चिक्की ऑफिसात वाटली, दारापुढचा बर्फ काढायचा कंटाळा केला, की कुणीतरी हे म्हणतंच. न्यू जर्सीत वीसेक वर्षं काढली. त्यातली बरीचशी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत हॉल, विमा आणि करारमदार सांभाळण्यात गेली. त्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे एका जागी लिहून काढले आहेत. मी वकील नाही. तुमच्या अंगावर खरंच काही आलं तर वकीलच गाठा.

अमेरिकेत लोक खरंच ऊठसूट एकमेकांवर केस करतात का?

केसेस भरपूर होतात, पण आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या या नव्हेत. नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेने २०१५ मध्ये दहा मोठ्या काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) नऊ लाखांहून अधिक दिवाणी प्रकरणांचा हिशेब मांडला. पाय घसरला, गाडी ठोकली, डॉक्टर चुकला अशा दाव्यांचं प्रमाण त्यात अवघं ७ टक्के निघालं. ६४ टक्के प्रकरणं कराराची होती, म्हणजे बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाची थकबाकी, घरभाडं, घरकर्ज. दावा लावणारे कोण, तर बँका, वसुली कंपन्या आणि घरमालक. रीतसर सुनावणी होऊन निकाली निघालेली प्रकरणं ४ टक्के. जिथे रकमेचा निकाल झाला तिथे चारांतले तीन निकाल ५,२०० डॉलरच्या आतले. आणि चारांतल्या तीन प्रकरणांत निदान एका बाजूला वकीलच नव्हता.

त्यामुळे ‘खटले फार झाले’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठले? कोट्यवधींच्या निकालांच्या बातम्या होतात, पण कोर्टाचा दिवस जातो तो तीन हजार डॉलरच्या थकबाकीत.

मग ‘कोर्टबाज अमेरिका’ ही प्रतिमा आली कुठून?

निम्मी तरी एका कॉफीच्या कपातून. १९९२ च्या फेब्रुवारीत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या एका आजींनी मॅकडोनाल्ड्सच्या ड्राइव्ह-थ्रूमधून ४९ सेंटची कॉफी घेतली. गाडी नातू चालवत होता आणि त्याने ती बाजूला थांबवली होती. साखर-दूध घालायला आजींनी कप गुडघ्यांत धरला, झाकण ओढलं आणि सगळी कॉफी मांडीवर सांडली. अंगात सुती पँट. ती कॉफी पिऊन बसली आणि कातडीला चिकटून राहिली. थर्ड डिग्री बर्न्स, आठ दिवस इस्पितळात, त्वचारोपण.

कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवायची असा कंपनीचा नियम होता. आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. आजींनी खर्चापोटी साधारण २०,००० डॉलर मागितले, कंपनीने ८०० देऊ केले. प्रकरण कोर्टात गेलं ते या आठशेमुळे. १९९४ मध्ये ज्युरीने दोन लाख डॉलर भरपाई ठरवली आणि वीस टक्के चूक आजींचीच म्हणून त्यातून चाळीस हजार कापले. हे कापणं बातम्यांत फारसं आलं नाही. वर २७ लाखांचा दंडात्मक भाग लावला, म्हणजे कंपनीची सुमारे दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी तो ४,८०,००० वर आणला. एकूण ६,४०,०००. त्यानंतर दोन्ही बाजूंनी गुप्त तडजोड केली, म्हणजे शेवटी किती मिळाले ते बाहेर आलंच नाही.

बातमी मात्र झाली ती ‘कॉफी सांडली आणि बाई लखपती झाली’ अशी. पुण्यातल्या माझ्या काकांनाही हा किस्सा याच रूपात पाठ आहे, आणि मी खरी हकीकत सांगितली की ते थोडे नाराज होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते, मोटारहोमला क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय) लावून कॉफी करायला मागे गेलेल्या माणसाला लाखो डॉलर मिळाल्याचं?

थाप. असा खटला झालेलाच नाही. असल्या निकालांची एक पूर्ण यादी व्हॉट्सअ‍ॅपच्याही आधीपासून ईमेलवर फिरते आहे.

दावा लावणं इथे इतकं परवडतं कसं?

इथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचं बिल सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही, ज्याचा खर्च त्याचा. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा असतो. अमेरिकेत त्या वळणाचा नियम पाळणारं अलास्का हे एखादंच राज्य. त्यात वकील टक्केवारीवर काम करतो. इजेच्या दाव्यात जिंकलं तर साधारण एकतृतीयांश त्याचे, हरलं तर फी शून्य. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला अशी निकालावर अवलंबून फी ठरवताच येत नाही. इथे महामार्गावर दर दोन मैलांना हसऱ्या वकिलाचा फलक दिसतो तो या टक्केवारीपायी. वकिलांना जाहिरात करायची मुभा मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालाने. त्याआधी ती शिष्टसंमतही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती.

मग ज्युरी. आपल्याकडे नानावटी खटला गाजला आणि पुढे ज्युरी हद्दपार झाली. इथे साध्या दिवाणी दाव्यातही ज्युरी मागता येते. १७९१ च्या सातव्या घटनादुरुस्तीत त्यासाठी वीस डॉलरची मर्यादा लिहिली आहे ती आजही तशीच आहे, वीस डॉलर! सहा-बारा सामान्य माणसांपुढे जखमी माणूस एका बाजूला आणि कंपनी दुसऱ्या बाजूला उभी राहिली की काय होईल ते सांगता येत नाही. ही अनिश्चितता दोन्ही वकिलांच्या कामाची असते.

पण सगळ्यात खर्चीक प्रकार आहे तो डिस्कव्हरी. सुनावणीआधी दोन्ही बाजू एकमेकांकडून कागद, ईमेल, जबाब मागवतात. पोकळ दावा खोडून काढायलाही एवढा पैसा लागतो, की ज्याच्यावर दावा लागला त्याचा स्वतःचाच वकील म्हणतो, "लढायला पन्नास हजार लागतील, वीसमध्ये मिटवून टाका." मग ते मिटवलं जातं. कुणाची चूक होती हे ठरतच नाही.

यातच एक गंमत दडली आहे. टक्केवारीवाला वकील स्वतःचा पैसा आणि वेळ लावतो, म्हणून तो छोटं प्रकरण घेत नाही. दहा हजार डॉलरचं खरं नुकसान झालेल्या माणसाला फलकावरचा तोच हसरा वकील फोनवर दोन मिनिटांत वाटेला लावतो.

या सगळ्याचा देशाला एकूण किती खर्च येतो?

सगळीकडे उद्धृत होणारा आकडा यूएस चेंबर ऑफ कॉमर्सच्या संस्थेचा आहे : २०२२ साली ५२९ अब्ज डॉलर, म्हणजे दर कुटुंबामागे ४,२०७ डॉलर. आकडा वाचताना तो कुणी काढला हे ध्यानात ठेवा. चेंबर ही उद्योगपतींची संघटना आणि दावे कमी व्हावेत यासाठी लॉबिंग करणं हे तिचं कामच आहे. रोजच्या गाडीच्या अपघातांत विमा कंपन्या निमूट देतात ते पैसेही या बेरजेत आहेत. शिवाय भरपाई म्हणजे निव्वळ नासाडी नव्हे. मोडलेल्या पायाचा खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो. दाव्याने तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

मला त्याच संस्थेचा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. एका डॉलरमधले जेमतेम ५३ सेंट जखमी माणसाच्या हातात पडतात. बाकीचे वकील, तज्ज्ञ साक्षीदार, विमा कंपन्यांचा कारभार यांत जातात. ही तक्रार फक्त चेंबरची नाही. डॉक्टरांवरच्या १,४५२ दाव्यांचा अभ्यास २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात भरपाईच्या दर डॉलरमागे ५४ सेंट कारभारावर खर्च झाल्याचं दिसलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या (बांधकामात वापरलं जाणारं, श्वासातून गेलं की कर्करोग करणारं तंतुमय खनिज) दाव्यांत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या हिशेबाने २००२ पर्यंत ७० अब्ज डॉलर खर्ची पडले आणि आजारी माणसांपर्यंत डॉलरमागे ४२ सेंट पोचले. टोपलीभर आंबे रत्नागिरीहून निघावेत आणि मुंबईत घरी निम्मी टोपली यावी, तसं.

पण मी तर कुणावर केस केली नाही. माझ्या खिशातून पैसे कसे जातात?

विम्याच्या हप्त्यातून. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण फ्लोरिडाचं. तिकडच्या विमा नियामकाच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये देशातल्या घरविम्याच्या एकूण मागण्यांपैकी ८ टक्के मागण्या फ्लोरिडातून आल्या, पण त्यावरून कोर्टात गेलेल्या दाव्यांपैकी ७६ टक्के एकट्या फ्लोरिडातले होते. वादळं फ्लोरिडात होतात हे खरं, पण ती लुइझियानातही होतात.

त्याचं कारण कायद्यात होतं. विमा कंपनी हरली तर घरमालकाच्या वकिलाची फी तिने द्यायची, घरमालक हरला तर मात्र कंपनीची फी त्याच्यावर नाही. मूळ हेतू चांगला होता, गरिबाला मोठ्या कंपनीशी लढता यावं. मग छपरं दुरुस्त करणारे कंत्राटदार दारोदार फिरू लागले : "छप्पर फुकटात नवं करून देतो, फक्त इथे सही करा." त्या सहीने तुमचा विम्यावरचा हक्क कंत्राटदाराच्या नावे होई. पुढे दावा त्याचा आणि वकीलही त्याचा. एकामागून एक कंपन्या बुडाल्या किंवा राज्य सोडून गेल्या आणि राहिलेल्यांनी हप्ते वाढवले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन घरविम्यातली ही एकतर्फी फी आणि ते हक्क-हस्तांतर, दोन्ही बंद केली. टँपाला राहणारा माझा एक मित्र या कहाणीतलं काहीच जाणत नव्हता. त्याने फक्त दरवर्षी वाढलेलं बिल भरलं.

डॉक्टर इतक्या तपासण्या का करायला लावतात?

काही वैद्यकीय गरज म्हणून, काही बिल वाढतं म्हणून आणि काही उद्या कोर्टात "सीटी स्कॅन का केला नाहीत?" असं कुणी विचारू नये म्हणून. या तिसऱ्या प्रकाराला डिफेन्सिव्ह मेडिसिन म्हणतात. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी वैद्यकीय दाव्यांच्या पद्धतीचा वर्षाचा खर्च सुमारे ५५.६ अब्ज डॉलर काढला. त्यातले ४५.६ अब्ज या भीतीपोटीच्या तपासण्या-उपचारांचे. आकडा मोठा आहे, पण एकूण आरोग्यखर्चाच्या तो अडीच टक्क्यांच्या आत बसतो. तेव्हा ‘अमेरिकेत औषधपाणी महाग ते वकिलांमुळे’ हे डॉक्टर मित्रांच्या पार्टीत ऐकायला मिळणारं वाक्य तपासून घ्या.

बाळंतपणाचे डॉक्टर सगळ्यात जास्त भरडले जातात. मायामीच्या परिसरात त्यांच्या विम्याचा वर्षाचा हप्ता दोन लाख डॉलरच्या वर गेलेला आहे. बाळाला जन्मतः काही झालं तर दावा अनेक वर्षांनीही येऊ शकतो आणि रक्कम आयुष्यभराच्या संगोपनाची असते.

नाण्याची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. न्यू यॉर्क राज्यातल्या १९८४ सालच्या इस्पितळांच्या नोंदी तपासून हार्वर्डनेच मोठा अभ्यास केला होता. निष्काळजीपणामुळे ज्यांना खरोखर इजा झाली त्यांच्यातल्या दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी दावा लावला. उलट ज्यांनी लावले त्यांच्यातल्या बऱ्याच प्रकरणांत निष्काळजीपणा सापडला नाही. म्हणजे औषध एकाला आणि रोग दुसऱ्याला.

खटल्यांमुळे एखादी वस्तू मिळायचीच बंद झाली, असं घडलं आहे का?

हो. सेस्ना कंपनीने एका इंजिनाची छोटी पिस्टन विमानं बनवणं १९८६ मध्ये थांबवलं. १९७८ मध्ये देशात अशा छोट्या विमानांचं उत्पादन वर्षाला अठरा हजारांच्या आसपास होतं, १९९४ पर्यंत ते हजाराच्याही खाली आलं. मंदी, जुन्या विमानांची रेलचेल अशी इतर कारणंही होती, पण तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाबद्दल आज दावा येऊ शकतो ही टांगती तलवार मोठी होती. १९९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला की विमान १८ वर्षांचं झालं की निर्मात्यावर सहसा दावा लावता येणार नाही. १९९६ मध्ये सेस्नाने कॅन्सासमध्ये नवा कारखाना काढून उत्पादन पुन्हा सुरू केलं.

लसींचंही तसंच. ऐंशीच्या दशकात त्रिगुणी लसीवरच्या दाव्यांमुळे कंपन्या एकेक करून बाहेर पडू लागल्या आणि तुटवड्याची वेळ आली. १९८६ च्या कायद्याने वेगळी व्यवस्था उभी केली. लसीवर कर घ्यायचा (आता तो एका रोगामागे ७५ सेंट आहे), त्याचा निधी करायचा आणि अपाय झालेल्याला ज्युरीशिवाय त्यातून भरपाई द्यायची. अमेरिकेने कोर्टबाजीवर शोधलेल्या उपायांपैकी हा मला सगळ्यात समंजस वाटतो.

मंडळाच्या गणपतीला एवढे कागद कशाला लागतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा ओरडून.

शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं तर शाळा आधी सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स मागते. एका घटनेला दहा लाख डॉलर, वर्षाला एकूण वीस लाख, आणि ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’च्या रकान्यात शाळेचं नाव. नावात एक स्वल्पविराम चुकला तर कागद परत. मंडळ स्वतःच्या पैशाने शाळेचंही रक्षण करतं, असा त्याचा अर्थ. मग जेवण. घरी केलेले उकडीचे मोदक सभागृहात वाटता येत नाहीत. केटरर हवा, त्याच्याकडे परवाना हवा आणि त्याचंही वेगळं सर्टिफिकेट हवं. एका वर्षी एक काकू पहाटे चारला उठून केलेले एकशे एक मोदक घेऊन आल्या आणि ते गाडीच्या डिकीतच राहिले. पार्किंगमध्ये, डिकी उघडी टाकून, एकेकाने गुपचूप येऊन खाल्ले.

लेझीम पथकातल्या प्रत्येकाची वेव्हरवर, म्हणजे ‘इजा झाली तर दावा लावणार नाही’ अशा कागदावर, सही. मुलांच्या चित्रकला स्पर्धेला पालकांची सही. मुलांसाठी फुगवलेला उड्या मारायचा किल्ला आणायचो तो बंद केला, कारण विमा कंपनीने पॉलिसीत ‘हा सोडून’ असं लिहून पाठवलं. निरांजनाऐवजी बॅटरीचे दिवे लागतात, पण तो दोष वकिलांचा नाही, तो अग्निशमन खात्याचा नियम आहे.

आणि त्या वेव्हरला अर्थ किती? प्रौढाने केलेली सही बऱ्याच राज्यांत साध्या निष्काळजीपणापुरती चालते. मुलाच्या वतीने पालकाने केलेल्या सहीने मुलाचा हक्क जातो का, यावर राज्याराज्यांत वेगवेगळं मत आहे. तरीही आम्ही सह्या घेतो, कारण विमा कंपनी विचारते.

माझ्या माहितीत आमच्या मंडळावर आजवर एकही दावा झालेला नाही. हप्ता मात्र दरवर्षी जातो आणि तो आमच्या ताळेबंदात हॉलच्या भाड्याखालोखाल मोठा आकडा आहे.

‘तुम्ही क्लास अ‍ॅक्शनचे सदस्य आहात’ असं पोस्टकार्ड आलं. खरं असतं का?

बहुधा खरं असतं, पण लिंक उघडण्याआधी पत्ता नीट बघा. हजारो लोकांचं प्रत्येकी थोडं नुकसान झालं की सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावतात. कल्पना उत्तम आहे. बारा डॉलर परत मिळवायला एकटा माणूस कोर्टात जाणार नाही, मग कंपनी सगळ्यांकडून बारा-बारा उकळत राहील.

मिळतं काय, तर एक्विफॅक्स या लोकांची पतनोंद ठेवणाऱ्या कंपनीची २०१९ ची तडजोड आठवून बघा. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती. ‘१२५ डॉलर घ्या’ ही बातमी पसरली आणि लोक तुटून पडले. त्या पर्यायासाठी बाजूला ठेवलेले होते एकूण ३ कोटी १० लाख डॉलर. भागाकार तुम्हीच करा. काही दिवसांत सरकारी खात्यालाच सांगावं लागलं की १२५ विसरा, फुकट क्रेडिट मॉनिटरिंग (पतनोंदीवर नजर ठेवायची सेवा) घ्या. मी अर्ज भरला होता. जे हाती आलं त्यात दोन वडापावही आले नसते, तेही इथल्या एडिसन गावच्या दराने.

छोट्या दुकानदारांना याचा किती त्रास होतो?

मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त, कारण त्यांच्याकडे पगारी वकील नसतो. वॉशिंग्टन डीसीमध्ये एका कोरियन कुटुंबाची लाँड्री होती. २००५ मध्ये एका गिऱ्हाइकाची पँट हरवल्याचा वाद झाला. गिऱ्हाईक स्वतः प्रशासकीय न्यायाधीश होता. दुकानात ‘समाधानाची हमी’ अशी पाटी होती, ती फसवी आहे म्हणून त्याने ग्राहक कायद्याखाली दिवसांच्या हिशेबाने दंड लावत मागणी ६ कोटी ७० लाख डॉलरवर नेली. पुढे ती ५ कोटी ४० लाखांवर आणली. एका पँटीसाठी! २००७ मध्ये तो हरला, न्यायाधीशपदही पुन्हा मिळालं नाही. पण त्याच वर्षी त्या कुटुंबाने ते दुकान बंद केलं.

कॅलिफोर्नियात दुसरा प्रकार चालतो. अपंगांना दुकानात सुलभपणे येता यावं या कायद्याखाली तिथे अडवणूक झाल्याच्या दर प्रसंगाला किमान ४,००० डॉलर मागता येतात. कायदा हवाच, व्हीलचेअरवर बसून ज्याने एकदा पायरी बघितली त्याला विचारा. पण पार्किंगचा पट्टा काही इंच अरुंद आहे, आरसा उंच लावला आहे, असं शोधत एकच माणूस शेकडो दावे लावतो आणि रेस्टॉरंटवाला उतार नीट करण्याआधी वकिलाला पैसे देऊन मोकळा होतो. मोटेल चालवणाऱ्या आपल्या गुजराती मंडळींकडून हे किस्से ऐकावेत.

पेटंटवाल्यांचं काय प्रकरण आहे?

काहीही न बनवणाऱ्या कंपन्या जुनी पेटंटं विकत घेतात आणि बनवणाऱ्यांवर दावे लावतात. हे दावे वर्षानुवर्षं टेक्सासमधल्या मार्शल नावाच्या छोट्या गावात ढिगाने यायचे, कारण तिथली ज्युरी पेटंटधारकाला धार्जिणी समजली जाई. सॅमसंगने तिथल्या न्यायालयासमोर हिवाळ्यात बर्फावर घसरायचं मैदान प्रायोजित केलं होतं. टेक्सासमध्ये! २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा कुठे लावायचा याचे नियम आवळले, तेव्हा ती गर्दी काही काळ ओसरली.

मग खटल्यांनी काही भलं केलंच नाही का?

केलं, आणि पुष्कळ. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्याची कंपन्यांना किती आधीपासून कल्पना होती, हे कोर्टाने मागवलेल्या कागदांतून उघड झालं. सिगारेट कंपन्यांचे आतले कागद तसेच बाहेर आले आणि १९९८ मध्ये ४६ राज्यांबरोबर २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याची तडजोड त्यांना करावी लागली. इथे सरकारी निरीक्षक तुलनेने कमी आणि कंपन्यांवर वचक ठेवायचं निम्मं काम वकिलांवर सोडलेलं. युरोपात जे काम खातं करतं ते इथे खटला करतो, उशिराने आणि महागात.

नातेवाईकही एकमेकांवर केस करतात म्हणे?

२०१५ मध्ये कनेटिकटमध्ये एका बाईने नात्यातल्या बारा वर्षांच्या मुलावर लावलेला १,२७,००० डॉलरचा दावा सुनावणीला आला. आठव्या वाढदिवसाला त्याने धावत येऊन तिला मिठी मारली, ती पडली आणि मनगट मोडलं. जगभर तिची छी-थू झाली. खरी गोष्ट अशी, की मुलाच्या घराच्या विम्याने तिला एक डॉलर देऊ केला होता आणि तिथल्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीवर थेट दावा लावता येत नाही, माणसाचंच नाव घालावं लागतं. ज्युरीने अर्ध्या तासात शून्य दिलं. विम्याचं त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

अशी ढकलाढकली घरबसल्याही होते. पत्नी एका दुकानाबाहेर घसरली, हात मुरगळला. तीन आठवड्यांनी आरोग्यविम्याचं पत्र : कुठे पडलात, जागा कुणाची, चूक कुणाची होती? आम्हाला कुणावर काही करायचं नव्हतं, पण त्यांना आपले पैसे कुणाकडून तरी काढायचे होते.

कायद्यात सुधारणा करून फरक पडतो का?

थोडा. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय दाव्यांत वेदना-मनस्तापाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. टेक्सासने २००३ मध्ये तशीच आणली. हप्ते उतरले. पण मर्यादा घातली जाते ती बुडालेल्या पगारावर नव्हे, तर दुःखाच्या किमतीवर. म्हणजे इंजिनिअरच्या कुटुंबाला पगाराचे लाखो मिळतात, आणि लहान मूल किंवा निवृत्त आजी गेली तर अडीच लाखांत हिशेब संपतो. एवढ्यासाठी टक्केवारीवाला वकील प्रकरण हातात घेत नाही. कॅलिफोर्नियाचा तो आकडा २०२२ च्या कायद्यापर्यंत हलला नव्हता. १९७५ चे अडीच लाख आणि २०२२ चे अडीच लाख!

जॉर्जियाने २०२५ मध्ये नवे नियम केले. राज्याराज्यांत ही ओढाताण चालूच असते, एका बाजूला चेंबर आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकिलांच्या संघटना. दोघेही निवडणुकांना देणग्या देतात.

स्वतःपुरती काय काळजी घ्यावी?

घर आणि गाडीच्या विम्यावर अंब्रेला पॉलिसी (मूळ विम्याची मर्यादा संपली की पुढचं भरणारा जादा विमा) घ्या, दहा लाखांचं संरक्षण वर्षाला काहीशे डॉलरमध्ये मिळतं. ट्रॅम्पोलिन किंवा तरणतलाव असेल तर विमा कंपनीला सांगा. अपघातानंतर माणुसकी सोडू नका, पाणी द्या, रुग्णवाहिका बोलवा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे सगळ्या राज्यांत आहेत. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी प्रवासविमा घ्या. त्यांना कोर्टाची भीती घालू नका, इस्पितळाच्या बिलाची घाला.

समन्स आलं तर?

मुदत वाचा. न्यू जर्सीच्या वरिष्ठ न्यायालयात साधारण ३५ दिवस, फेडरल कोर्टात २१. विमा लागू पडत असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, वकील बहुतेक वेळा तीच देते. आणि काहीही झालं तरी उत्तर द्या. प्यू संस्थेने २०२० मध्ये दाखवलं की कर्जवसुलीच्या दाव्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक निकाल एकतर्फी लागतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला असंच पाकीट आलं होतं. इस्पितळाचं जुनं बिल, जे विम्याने भरायचं होतं ते भरलंच नव्हतं, आणि ते एका वसुली कंपनीने विकत घेतलेलं. त्याला वाटलं जाहिरात असेल. कोपऱ्यातल्या टोपलीत, पिझ्झाच्या कुपनांखाली, ते तीन महिने पडून होतं. त्याला कळलं ते पगाराच्या पावतीवर कपातीची एक नवी ओळ दिसल्यावर.